थांबा

अक्कलकोट रोड एमआयडीसी, रात्रीचे पावणेदोन.
शेडमध्ये बावीस माग बोलतायत, तेविसावा माझा.
त्याच्या डब्यात मी लिहिलेला ड्रायव्हर आहे
आणि ड्रायव्हरच्या पोटात कुठेतरी एक चूक,
जी रात्रीतून एकदा, न सांगता,
चादरीवरच्या मोराची मान बोटभर सरकवते.

स्टुलावर माझा लॅपटॉप, डब्यात दुसरं यंत्र,
मधे एक सीरियल केबल, सरकीच्या धुळीनं पांढरी झालेली.

ब्रेकपॉइंट लावला.
फंक्शनच्या नावावर, अगदी उंबऱ्यावर:
इथून कोणी आत शिरलं की सगळं थांबव.
माग चालत राहिला.
कोणी शिरलंच नाही,
किंवा शिरलं, आणि मी भलत्याच दारात बसले होते.

ड्रायव्हर अजून चढलाच नसेल.
डीबगर म्हणतो, हे नाव ठाऊक नाही, आलं की बघू.
चढवला. पुन्हा लावला. माग चालू.

मग दिसलं, सिम्बॉलची फाइल सोमवारची, कर्नेल गुरुवारचा.
मधल्या दिवसांत मी चार ओळी वाढवल्या होत्या,
म्हणजे सगळी गल्ली थोडी पुढे सरकली
आणि मी जुन्याच घरनंबरावर हाका मारत होते.
फाइल जुळवली.
शिवाय हा कर्नेल दर वेळी उठला की बिऱ्हाड हलवतो,
मुद्दाम, चोरांना पत्ता लागू नये म्हणून.
तेही बंद केलं.
माग चालू.

अंबादास म्याकल, जॉबर, एकतीस वर्षं याच खडखडाटात,
कडक भाकरी मोडता मोडता ओरडून विचारतो,
"थांबंना का?"
"थांबवायचाय, तर थांबत नाही!"
तो हसतो. त्याचं सगळं आयुष्य
उलट्या तक्रारीत गेलंय.

मग हात पुसून मला ताण्यावरच्या पट्ट्या दाखवतो,
पत्र्याच्या, बारीक, एकेका धाग्यावर एकेक,
धागा ताठ आहे तोवर लटकलेल्या.
धागा तुटला की पट्टी पडते,
पट्टी पडली की माग थांबतो.
"कुठं तुटायचं ते आम्ही धाग्याला सांगत नाही," तो म्हणतो,
"नुसतं वजन ठेवतो."

मी परत येऊन मशिनची भाषा उलगडते.
फंक्शन नाहीच तिथे.
कंपायलरनं ते बारीक करून
हाक मारणाऱ्याच्याच अंगात मिसळून टाकलंय.
नाव उरलंय, उंबरा नाही.
दोन तास मी एका नावाच्या दारात बसले होते.

दाराचा नाद सोडते.
प्रोसेसरकडे पहारेकरी चारच असतात,
अंबादासकडे आहेत तसे हजारो नाहीत.
त्यातला एक बसवते त्या चार बाइटांवर
जिथे मोराची पहिली ओळ नोंदलेली असते.
एकदा लिहायची, मग कुणी शिवायची नाही.
कोण येतं-जातं ते नको,
हात कोण लावतं तेवढं सांग.

तीन वाजून दहा मिनिटं.
माग थांबला.
नुसता माग नाही. कर्नेल थांबला की त्याच्यापुरती वेळ थांबते:
डब्यावरचं घड्याळ, लुकलुकता हिरवा दिवा,
अर्धा उघडलेला ताणा.
बावीस मागांच्या आवाजात
दात पडल्यासारखी एक जागा.

अंबादासचा हात सवयीनं धाग्यांवर गेला.
"तुटला?"
"नाही. सापडला!"

तसा अर्धाच सापडला.
पडद्यावर एक पत्ता आला, पण तो कुणाकुणाच्या हातून
इथवर पोचला ते विचारायच्या आत
वॉचडॉग जागा झाला.
त्याला बांधायचं मी विसरले होते.
एवढा वेळ घरात हालचाल नाही, म्हणजे कोणी तरी गेलं,
असं समजून त्यानं अख्खं यंत्र पुन्हा उठवलं.

शेंगाचटणीच्या तेलकट कागदावर लिहून ठेवते:
आधी कुत्रं बांध.

अंबादास आडवा धागा ओवतो, बटण दाबतो.
मोर पुन्हा पहिल्या ओळीपासून.
आधी पाय.